संथ पाण्याचा करार

काही वर्षांपूर्वीच्या एका उन्हाळ्यात आम्ही दोघे महिनाभर अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात राहिलो होतो. आमच्या हाताखाली मराठी शिकलेला आणि पुढे संगणकाच्या वाटेने गेलेला एक विद्यार्थी तेथे एका लहानशा सरोवराच्या काठी घर करून आहे. पहिल्याच संध्याकाळी, पाण्यात शिरलेल्या लाकडी धक्क्यावर खुर्च्या टाकून आम्ही बसलो असता तो म्हणाला, “सर, इथे लोक बोटीचा आवाज एक वेळ चालवून घेतात, लाट मात्र नाही.” त्या वाक्याचा अर्थ आमच्या ध्यानात यायला पंधरा दिवस जावे लागले.

एका शनिवारी दुपारी त्याची दहा वर्षांची मुलगी आणि आमच्यापैकी एकजण वल्ह्याच्या अरुंद होडीतून काठाकाठाने फिरत होतो. सरोवराच्या मध्याकडून एक मोठी, चकचकीत बोट चालली होती. तिचा वेग बेताचाच होता. किंबहुना इतके मोठे यंत्र इतक्या सावकाश का चालवतात याचे नवलच वाटावे. नाक वर आणि शेपूट पाण्यात खोल, अशा अवस्थेत ती निघून गेली. मग काही क्षण अगदी शांत गेले. त्यानंतर लाटा आल्या आणि तिसऱ्या लाटेला होडी भरून कलंडली. पाणी छातीइतकेच होते, अंगात लाइफ जॅकेट होते, त्यामुळे वल्हे वाहून जाण्यापलीकडे काही बिघडले नाही. पुढच्या फेरीत बोटीच्या तरुण मालकाला आम्ही पाण्यात उभे दिसलो. त्याने इंजिन अगदी मंद केले, वाहून गेलेले वल्हे उचलून आणून दिले आणि मनापासून दिलगिरी व्यक्त केली. तो म्हणाला, “पण तुम्ही तर कितीतरी लांब होतात!”

तो खोटे बोलत नव्हता. त्याच्या हिशेबाने आम्ही लांबच होतो. प्रश्न असा की हा ‘लांब’चा हिशेब ठरतो कसा, आणि तो कोणी ठरवावा? पुढे वाचत गेलो तसे आमच्या लक्षात आले की बोटीमागे दोर बांधून माणसाला पाण्यावरून ओढण्याच्या खेळाचा शंभर वर्षांचा इतिहास म्हणजे वस्तुतः या एका शब्दाचाच इतिहास आहे.

पेपिन सरोवर

हा इतिहास मिनेसोटातच सुरू होतो. डकोटा भाषेत ‘म्नी’ म्हणजे पाणी, आणि राज्याच्या नावातला पहिला अर्धा भाग तोच आहे. राज्याच्या आग्नेय सीमेवर मिसिसिपी नदी एके ठिकाणी अचानक रुंदावते. विस्कॉन्सिनच्या बाजूने येणारी चिप्पेवा नदी आपल्याबरोबर इतकी वाळू आणते, की तिच्या मुखाशी साचलेल्या त्रिभुज प्रदेशाने मिसिसिपीलाच बांध घातला आहे. त्यामागे तुंबलेल्या पाण्याचे नाव पेपिन सरोवर. लांबी सुमारे ३५ किलोमीटर, रुंदी तीनेक किलोमीटर. एका काठाला मिनेसोटा, दुसऱ्याला विस्कॉन्सिन.

या सरोवरावर लाटेची ओळख आधी मृत्यू म्हणून झाली. १३ जुलै १८९० या रविवारी ‘सी विंग’ नावाची आगबोट लेक सिटी या गावाजवळ भरलेली सैनिकी छावणी पाहायला आलेल्या लोकांना घेऊन संध्याकाळी परत निघाली. तिला एक पडाव बांधलेला होता आणि त्यावरही माणसे होती. वादळात आगबोट उलटली आणि ९८ जण बुडाले. पडाव सुटून तरंगत राहिला आणि त्यावरचे बहुतेक लोक वाचले.

येथे एका शब्दाचा घोळ निस्तरला पाहिजे. मिसिसिपीवर ‘टोबोट’ म्हणजे ओढणारी बोट असे म्हटले, की जुन्या माणसांच्या डोळ्यांपुढे पडावांचा तांडा नेणारी मालवाहू बोट येते. गंमत अशी, की ही बोट पडाव ओढत नाही, मागून ढकलते. नाव ओढण्याचे आणि काम ढकलण्याचे, हा भाषेचा नेहमीचाच प्रकार. आज सुट्टीच्या सरोवरावर ‘टोबोट’ म्हणतात ती वेगळी. ती खरोखरच ओढते, पण माल नव्हे, तर मौजेखातर पाण्यावर उभा राहिलेला माणूस.

असा पहिला माणूस याच लेक सिटीचा. राल्फ सॅम्युएलसन हा अठरा वर्षांचा मुलगा १९२२च्या जूनअखेर एका खुळ्या कल्पनेने झपाटला होता. बर्फावरून घसरता येते तर पाण्यावरून का नाही? पिंपाच्या फळ्या लावून पाहिल्या, बर्फावरच्या स्की लावून पाहिल्या; दोन्हींनी तो बुडाला. मग त्याने पाइनच्या दोन फळ्या आणल्या, ८ फूट लांब आणि ९ इंच रुंद. त्यांची टोके उकळत्या पाण्यात मऊ करून वर वळवली आणि पाय अडकवायला चामड्याचे पट्टे ठोकले. दोर होता खिडकीच्या सरकत्या झडपांना लावतात तो. बोट हाकायला थोरला भाऊ बेन. कित्येक प्रयत्न फसल्यावर २ जुलै १९२२ रोजी त्याला युक्ती सापडली: अंग मागे टाकायचे आणि फळ्यांची टोके पाण्याबाहेर ठेवायची. बोट पुढे गेली आणि तो उभा राहिला. दुसऱ्या दिवशी त्याला एकोणिसावे वर्ष पूर्ण झाले. १९२५मध्ये चरबी चोपडलेल्या उतरणीवरून त्याने पाण्यावर पहिली उडी मारली.

त्याने या कल्पनेचा हक्क नोंदवला नाही. फ्रेड वॉलर नावाच्या न्यूयॉर्ककडील संशोधकाने १९२५मध्ये आपल्या पाण्यावरच्या स्कीचे पेटंट घेतले; हाच वॉलर पुढे ‘सिनेरामा’ या भव्य पडद्याच्या तंत्राचा जनक म्हणून नावाजला. सॅम्युएलसन पाठीच्या दुखापतीमुळे खेळापासून दूर झाला, टर्की पक्षी पाळू लागला आणि विस्मृतीत गेला. १९६३मध्ये एका स्त्री पत्रकाराच्या नजरेस त्याच्या जुन्या फळ्या पडल्या, आणि १९६६मध्ये अमेरिकेतील वॉटर स्की संघटनेने त्याला या खेळाचा पहिला खेळाडू म्हणून मान्यता दिली. १९७७मध्ये तो वारला.

या हकिकतीतील एक तपशील आम्हाला महत्त्वाचा वाटतो. सॅम्युएलसनला लाट नको होती. बोटीमागे लाट उठत होती ती नाइलाजाने, इंजिनाच्या धुरासारखी. त्याला हवे होते ते संथ पाणी.

लाट नको असलेली माणसे

पुढची साठ वर्षे हा खेळ संथ पाण्याचाच राहिला. बोटीच्या मागे टांगायचे ओले इव्हिन्रूडचे इंजिन १९०९पासून बाजारात होते. त्यामुळे यांत्रिक बोट हळूहळू सामान्य माणसाच्या आवाक्यात आली. १९३६मध्ये डिक पोप यांनी फ्लॉरिडात ‘सायप्रस गार्डन्स’ ही बाग उघडली. तेथील स्कीचे खेळ पाहायला लोक दुरून येऊ लागले. १९३९मध्ये खेळाची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर मध्यमवर्गाच्या हातात पैसा आणि सुट्टी दोन्ही आली आणि सरोवराकाठी घर, धक्का आणि बोट हे अमेरिकी उन्हाळ्याचे चित्रच बनले.

याच काळात केवळ माणूस ओढण्यासाठी बांधलेली बोट जन्माला आली. १९६१चे ‘स्की नॉटीक’ आणि १९६८मध्ये टेनेसी राज्यात सुरू झालेली ‘मास्टरक्राफ्ट’ ही त्यातली दोन प्रसिद्ध नावे. इंजिन बोटीच्या मधोमध आणि दोर बांधायचा खांबही मधोमध, म्हणजे मागचा माणूस आडवा जोर लावू लागला तरी बोटीची शेपूट फरफटत नाही. बूड सपाट, जेणेकरून मागची लाट बुटकी आणि मऊ राहावी. स्पर्धेत पाण्यावर सहा तरंगते गोळे मांडलेले असतात. पुरुष खेळाडू ताशी ५८ किलोमीटर वेगाने, बोटीमागच्या लाटा पुन्हा पुन्हा आडव्या कापत, डावी-उजवीकडून त्या गोळ्यांना वळसे घालतो. लाट हातभर उंच असेल तर त्याचे गुडघे जातात. म्हणून बोट बांधणारे लाट मारण्याच्या मागे लागले होते. ज्या बोटीमागे लाट सर्वांत लहान, ती बोट सर्वांत महाग.

या गरजेतूनच सरोवरावरचे आचार घडले. ओढणाऱ्या बोटीच्या मालकांत पिढ्यान्‌पिढ्या शिकवले जाणारे नियम पाहिले, की ते सारे संथ पाण्याभोवती फिरतात हे दिसते. पहाटे, वारा पडलेला असताना पाणी काचेसारखे असते. तेव्हा एका बोटीने एक टापू धरला असेल तर दुसरीने तेथे घुसू नये. माणूस पडला तर गर्रकन वळून, इंजिन फुंकत त्याच्याकडे धावू नये. बोट आधी मंद करावी, तिचीच लाट तिला मागून गाठून पुढे जाऊ द्यावी, आणि मग आपल्याच जुन्या वाटेने सावकाश परतावे. असे केले तर लाटा दोन्ही काठांना जाऊन विरतात आणि मधली पट्टी स्वच्छ राहते. एकाच रेषेत जा-ये करावी, गोल गोल फिरून पाणी घुसळू नये. धक्क्यांजवळ, पोहणाऱ्यांजवळ आणि मासे धरणाऱ्यांजवळ लाट उठणार नाही इतक्याच वेगाने जावे. बोट पाण्यात उतरवण्याच्या उतारावर येण्याआधीच सामान भरून तयार असावे. उतार अडवून दोर सोडत बसू नये.

इंजिनाच्या आवाजात शब्द पोचत नाहीत, म्हणून खुणांची एक भाषाही तयार झाली. अंगठा वर म्हणजे वेग वाढव, खाली म्हणजे कमी कर. गळ्यावरून आडवा हात म्हणजे थांब, डोक्यावर थापटी म्हणजे घरी चल. पडल्यावर दोन्ही हात डोक्यावर जोडले म्हणजे मी सुखरूप आहे. कायद्याने यात मोजकीच भर घातली. बोट चालवणाऱ्याने पुढे बघावे आणि मागच्यावर नजर ठेवायला दुसरा माणूस, किंवा काही राज्यांत रुंद आरसा, असावा. काळोखात माणूस ओढू नये. कॅलिफोर्नियासारख्या राज्यात पाण्यात माणूस पडला असेल तोवर लाल किंवा नारिंगी निशाण उभारावे लागते.

या नियमांमागे सौजन्य होते हे खरेच. पण त्याखाली स्वार्थाचा भक्कम पाया होता हे विसरू नये. जो पाणी घुसळी, त्यालाच पाच मिनिटांनी त्या घुसळलेल्या पाण्यावरून जावे लागे. गळ टाकून बसलेला म्हातारा, वल्ह्याच्या होडीतले मूल आणि दोराच्या टोकाचा खेळाडू या तिघांना एकच गोष्ट हवी होती. त्यांच्यात कोणताही लेखी करार नव्हता. संथ पाणी हाच करार होता. आपल्याकडे नदीच्या पाणवठ्यावर वर पिण्याचे पाणी, त्याखाली धुणे आणि सर्वांत खाली गुरे, असा क्रम न सांगता पाळला जातो, कारण खालचे पाणी वर चढत नाही हे सर्वांना ठाऊक असते. तसेच हे.

पाणी कोणाचे

‘पाणवठा’ हा शब्द उच्चारला की मराठी माणसाला दुसरेही काही आठवले पाहिजे. पाणवठ्याचा क्रम नुसता सोयीचा नव्हता. कोणी कोठे पाणी भरावे आणि कोणी मुळीच भरू नये, हेही ‘रीत’ या सोज्वळ नावाखालीच चालत होते. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. आंबेडकरांनी ओंजळभर पाणी घेतले, तेव्हा मोडली ती हीच रीत. म्हणून शिष्टाचाराची स्तुती ऐकली, की तो कोणी ठरवला आणि कोणाला बाहेर ठेवून ठरवला, हे विचारण्याची सवय आपल्याला असायला हवी.

अमेरिकी सरोवरेही याला अपवाद नाहीत. २७ जुलै १९१९ रोजी शिकागोत मिशिगन सरोवरात युजीन विल्यम्स नावाचा कृष्णवर्णीय मुलगा तराफ्यावर तरंगत गोऱ्यांच्या किनाऱ्यासमोरच्या पाण्यात गेला. पाण्यात कोणतीही रेघ आखलेली नव्हती. पण रीत होती. त्याच्यावर दगड आले आणि तो बुडून मेला. त्यानंतरच्या दंगलीत ३८ माणसे मारली गेली. सॅम्युएलसन पेपिन सरोवरावर उभा राहिला तो याच्या अवघ्या तीन वर्षांनंतर. काठावरच्या घरांच्या आणि धक्क्यांच्या रम्य चित्रामागे, काठ कोणाला विकत घेता आला आणि कोणाला नाही, हाही इतिहास उभा आहे.

याला तोलून धरणारा एक जुना विचार त्या देशाच्या कायद्यात आहे. १७८७च्या वायव्य प्रदेशाच्या अध्यादेशात नौका चालण्याजोगी पाणवाट सर्वांसाठी कायम खुली राहील असे म्हटले होते, आणि पेपिनच्या पूर्वेचे विस्कॉन्सिन त्याच प्रदेशातून घडले. १८९२मध्ये एका रेल्वे कंपनीला दिलेल्या शिकागोच्या किनाऱ्यालगतच्या पाण्याच्या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की असे पाणी राज्याकडे जनतेची ठेव म्हणून असते. ते कोणाला देऊन मोकळे होता येत नाही. हाच निकाल आपल्याही कामी आला. हिमाचल प्रदेशात बियास नदीच्या पात्राशी खेळ करणाऱ्या एका हॉटेलाच्या प्रकरणात, म्हणजे एम. सी. मेहता विरुद्ध कमलनाथ या खटल्यात, भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९६च्या अखेरीस त्याचा आधार घेऊन सार्वजनिक विश्वस्ततेचे तत्त्व भारतीय कायद्याचा भाग असल्याचे जाहीर केले.

म्हणजे काठावर घर असले तरी पाणी घरमालकाचे नव्हे. गावाबाहेरून बोट ओढून आणणाऱ्या तरुणालाही त्यावर तितकाच हक्क आहे. आमची होडी कलंडवणारा मालक या न्यायाने आमच्या विद्यार्थ्याचा बरोबरीचा भागीदार होता. हे मान्य केल्यावरच पुढचा प्रश्न नीट विचारता येतो: भागीदाराने किती पाणी वापरले म्हणजे ते त्याच्या वाट्याचे, आणि किती म्हणजे दुसऱ्याचे?

लाट विकत घेणारी माणसे

१९८५मध्ये सॅन डिएगोच्या टोनी फिन या समुद्रलाटांवर खेळणाऱ्या तरुणाने ‘स्कर्फर’ नावाची फळी काढली. दोन फळ्यांऐवजी एकच, आणि तीवर लाटेवर उभे राहतात तसे आडवे उभे राहायचे. १९९०मध्ये हर्ब ओब्रायन यांनी ‘हायपरलाइट’ ही सुधारलेली फळी आणली आणि नवा खेळ रुजला: वेकबोर्डिंग. ‘वेक’ म्हणजे बोटीमागे उठणारी लाट. या खेळात लाट हा अडथळा नव्हता. ती उडी घेण्याची पायरी होती. जितकी उंच लाट तितकी उंच उडी.

तीस वर्षे ज्या लाटेला मारण्यात कारागिरी खर्च झाली, तीच आता वाढवायची होती. सुरुवातीला लोक वाळूच्या गोण्या, पाण्याच्या पिशव्या आणि चार जास्त मित्र बोटीत बसवून तिचा मागचा भाग दाबत. मग कारखान्यांनी बोटीच्या पोटातच टाक्या बसवल्या. कळ दाबताच सरोवराचे पाणी आत येते. मोठ्या बोटींत ते दीड-दोन टन भरते. दोर उंचावरून बांधता यावा म्हणून कमान आली आणि कमानीवर मोठमोठे ध्वनिवर्धक आले. त्यापुढची पायरी वेकसर्फिंगची. यात बोट ताशी सोळा ते एकोणीस किलोमीटर अशा मधल्याच वेगाने चालते. या वेगाला ती धड पाण्यावर चढत नाही आणि धड पाण्यात बसत नाही, म्हणून सर्वांत जास्त पाणी बाजूला लोटते. खेळाडू उभा राहिल्यावर दोर सोडून देतो आणि लाटच त्याला पुढे नेते. ओढणाऱ्या बोटीच्या इतिहासात शेवटी दोरही गळून पडला. लाट तेवढी राहिली.

आम्हाला नवल वाटलेल्या त्या मंद चालीचा उलगडा असा झाला. बोट आळसाने चालत नव्हती. तो तिचा सर्वांत कामाचा वेग होता.

अशा नव्या बोटीची किंमत आज एक लाख डॉलर सहज ओलांडते, आणि वरच्या श्रेणीतली बोट दोन लाखांच्याही पुढे जाते. रुपयांत दीड कोटीहून अधिक. एवढे पैसे मोजून माणूस काय विकत घेतो? बसायला गाद्या, गाणी आणि सावली हे सारे आहेच. मुख्यतः मात्र तो लाट विकत घेतो. समुद्रापासून दोन हजार किलोमीटरवर राहणाऱ्या माणसाला हवी तेव्हा, हवी तेवढी, डाव्या किंवा उजव्या बाजूची समुद्रासारखी लाट मिळते, हा आनंद खोटा नाही. त्याची टर उडवण्याचे आम्हाला कारण दिसत नाही. त्या शनिवारी बोटीच्या मागे एक आई पहिल्यांदाच फळीवर उभी राहिली होती आणि तिची दोन मुले टाळ्या वाजवत होती, हे पाण्यात उभ्या असलेल्या आमच्यापैकी एकाने पाहिले आहे.

पण करार मोडला तो येथेच. जुन्या खेळाडूला सरोवर संथ लागे, म्हणून त्याचे आणि शेजाऱ्याचे हित एक होते. नव्या खेळाडूला सरोवराचे संथपण लागतच नाही असे नाही, पण आपली लाट तो बरोबर घेऊन फिरतो. त्याची नजर बोटीमागच्या पंधरा फुटांवर असते. तेथे लाट आटोपशीर, सुंदर असते. पुढे ती कोठे जाते हे पाहायला त्याला कारणच उरत नाही. जुना आचार शिकवणारा गुरू म्हणजे परतून येणारी आपलीच लाट. तो गुरू आता राहिला नाही.

फुटांतला शिष्टाचार

लाट मात्र पुढे जाते. २०२२मध्ये मिनेसोटा विद्यापीठाच्या सेंट अँथनी फॉल्स प्रयोगशाळेने चार बोटींच्या लाटा प्रत्यक्ष सरोवरावर मोजून अहवाल प्रसिद्ध केला. साध्या मौजेच्या बोटीची लाट काठापासून २०० फुटांवरून निघाली तर काठाला जेवढी होऊन पोचते, तेवढी बारीक व्हायला वेकसर्फिंगच्या बोटीची लाट ५०० फुटांहून लांब निघावी लागते, असा त्याचा निष्कर्ष होता. आमचे ‘लांब’ आणि त्या तरुणाचे ‘लांब’ यांत नेमका किती फरक होता, हे आम्हाला त्या आकड्यांनी सांगितले.

काठाशी अशा लाटा काय करतात याची यादी मोठी आहे. माती ढासळते, बांधलेल्या होड्या धक्क्यावर आदळतात, उथळ तळाचा गाळ ढवळून वर येतो. मिनेसोटाचा राज्यपक्षी लून अगदी पाण्याच्या काठाला टेकून घरटे करतो. मोठी लाट ते भरून टाकते. ओजिब्वे लोक ज्याला मनूमिन म्हणतात ते पाणभात उथळ पाण्यात उगवते आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला त्याची पाने पाण्यावर आडवी तरंगतात. तेव्हा लाटेच्या हिसक्याने मुळे सुटतात. शिवाय बोटीच्या टाक्या कधी पूर्ण रिकाम्या होत नाहीत. तळाशी उरलेल्या पाण्यातून एका सरोवरातले जीव दुसऱ्यात जातात. १९८८मध्ये पंचमहासरोवरांच्या परिसरात प्रथम आढळलेल्या झेब्रा शिंपल्यांनी शेकडो सरोवरे व्यापली आहेत, म्हणून तेथे बोट धुणे, रिकामी करणे आणि वाळवणे हाही शिष्टाचाराचाच भाग झाला आहे.

या तक्रारी वाढल्यावर बोटउद्योगाच्या संघटनेने जबाबदारीने लाट उठवण्याची मोहीम काढली. तिची तीन कलमे आहेत: काठापासून आणि धक्क्यांपासून निदान २०० फूट लांब राहा, गाणी बेताच्या आवाजात लावा, एकाच जागी पुन्हा पुन्हा फेऱ्या मारू नका. यातली दुसरी आणि तिसरी कोणालाही पटावी. वाद आहे तो पहिल्या कलमातील आकड्याचा. हा आकडा साध्या बोटींच्या काळाला शोभणारा होता. बोट बदलली, आकडा तोच राहिला.

व्हरमाँट राज्याने दुसरी वाट धरली. तेथील नागरिकांच्या गटाने काठापासून १००० फुटांचे अंतर मागितले होते. बराच ऊहापोह होऊन १५ एप्रिल २०२४पासून नियम लागू झाला. वेकबोटींचे खेळ काठापासून किमान ५०० फुटांवर, किमान २० फूट खोल पाण्यात, आणि असा सलग ५० एकरांचा टापू असेल तेथेच खेळता येतील. बोटीला एक ‘घरचे’ सरोवर ठरवून घ्यावे लागेल, म्हणजे टाकीतले पाणी गावभर फिरणार नाही. या मोजमापात राज्यातली तीसएक सरोवरेच बसली. दोन्ही बाजू थोड्या नाराज राहिल्या.

मराठी वाङ्मयाच्या अध्यापकांनी या भानगडीत का पडावे, असे वाचकांना वाटणे साहजिक आहे. आमचे उत्तर असे, की ‘शिष्टाचार’ या शब्दाला आपण फार सोपे करून ठेवले आहे. तो चांगल्या माणसांचा गुण आहे असे आपण समजतो आणि तो ढळला की माणसे बिघडली म्हणतो. सरोवराचा इतिहास वेगळे सांगतो. तेथे माणसे फारशी बिघडली नाहीत. वल्हे परत आणून देणारा तरुण जुन्या खेळाडूंपेक्षा तसूभरही कमी सज्जन नव्हता. बदलले ते यंत्र. केल्या कर्माचे फळ पूर्वी करणाऱ्याच्याच पायाखाली परत येई, ते आता मिनिटभराने, पाचशे फुटांवर, दुसऱ्याच्या होडीत जाऊन पडते. अशा वेळी नुसता सद्‌वर्तनाचा उपदेश अपुरा ठरतो, आणि मग कायद्याला फूटपट्टी घेऊन पाण्यात उतरावे लागते. ती फूटपट्टी सुंदर नसते, पण आमच्या मते न्याय्य असते. कारण ती काठावर घर असलेल्यालाही आणि नसलेल्यालाही सारखीच लागते, जे जुनी रीत नेहमी करत होती असे म्हणता येत नाही.

परत निघण्याच्या आदल्या संध्याकाळी ती बोट पुन्हा दिसली. धक्क्यावरून तिचे रंगही नीट ओळखू येत नव्हते, इतक्या मध्यावर, जेथे पाणी सर्वांत खोल आहे तेथे ती फिरत होती. लाटा काठाशी आल्या तेव्हा बांधलेली होडी थोडी डुलली आणि स्थिर झाली. विद्यार्थ्याची मुलगी होडीतच बसून होती. ती म्हणाली, “बाबा, आज तो लांबून गेला.” त्या सरोवरावर तेव्हा अंतराचा कोणताही नवा नियम लागू झालेला नव्हता. त्या तरुणाने आमची कलंडलेली होडी पाहिली होती, एवढेच.